घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फराळ, पापड, मसाले, लोणची आणि उपवासाचे पदार्थ घरातून तयार करून विकणाऱ्यांकडून वर्षभर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने उतरणाऱ्यांसाठी असून पुढचे प्रश्न दोन-चार वर्षे काम केलेल्यांना पडणारे आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे पुन्हा न मांडता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतील भाव केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या गावातील भाव घालून हिशेब करावा.

1. मी घरच्याच स्वयंपाकघरात चकली आणि लाडू करून ओळखीच्या लोकांना विकते. मलाही परवाना लागतो का?

होय. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 नुसार विक्रीसाठी अन्नपदार्थ तयार करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. जागा घरची आहे किंवा ग्राहक ओळखीचे आहेत म्हणून त्यातून सूट मिळत नाही. 2011 च्या नियमावलीने लहान व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी ठेवली असून त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा 12 लाख रुपये आणि शुल्क वर्षाला 100 रुपये ठरवले होते. मर्यादा आणि मुदतीचे नियम सरकार वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्याच्या दिवशी फॉस्कॉस या अधिकृत पोर्टलवर दिसणारी मर्यादाच प्रमाण मानावी. छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एवढ्या कागदांवर हा अर्ज घरबसल्या भरता येतो. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या मध्यस्थांची खरोखरच गरज नसते. नोंदणीनंतर मिळणारा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो (प्रश्न 7 पाहा).

2. उद्यम नोंदणी, गुमास्ता, जीएसटी अशी बरीच नावे ऐकू येतात. आधी काय करावे?

अन्न नोंदणी पहिली, कारण तिच्याशिवाय माल विकणेच नियमबाह्य ठरते. त्यापाठोपाठ उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, करावी. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर, पूर्णपणे ऑनलाइन आणि मोफत होते. बँकेतील कर्जासाठी, थकलेल्या पैशांच्या वसुलीसाठी (प्रश्न 6) आणि ट्रेडमार्कच्या सवलतीसाठी (प्रश्न 14) पुढे तिचाच आधार घ्यावा लागतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद, म्हणजे ज्याला आपण गुमास्ता म्हणतो ती, वेगळी जागा किंवा दुकान घेतल्यावर पाहावी. कामगार थोडे असतील तर पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती घेणे पुरते. जीएसटीचा विचार उलाढाल आणि विक्रीची पद्धत पाहून करायचा असतो, त्याचे उत्तर प्रश्न 9 मध्ये आहे.

3. पदार्थाची किंमत नेमकी कशी ठरवावी? सामानाच्या दुप्पट लावावी असे सगळे सांगतात.

सामानाच्या दुप्पट हा ठोकताळा बेसन लाडवाला एक वेळ चालेल, पण चकली, अनारसे, कुरडई अशा वेळखाऊ पदार्थांत तो हमखास तोट्यात नेतो. घरगुती व्यवसाय बंद पडण्याच्या कारणांत आम्ही पहिले स्थान चुकीच्या किमतीला देतो, आणि किंमत चुकते ती बहुतेक वेळा करणाऱ्या बाईची स्वतःची मजुरी हिशेबात न धरल्यामुळे. म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

समजा, 5 किलो भाजणीची 6 किलो चकली तयार होते. धान्य, डाळी आणि दळण यांचे 450 रुपये, तळणीत संपलेल्या तेलाचे 300, तिखट, तीळ, ओवा, हिंग यांचे 110, गॅसचे 90 आणि पाकिटे व लेबले यांचे 110, असे 1060 रुपये खर्च झाले. याला 6 ने भागले की किलोला साधारण 177 रुपये येतात. मग 280 रुपये किलोने विकून किलोमागे शंभर रुपये सुटले, असे समाधान मानले जाते.

प्रत्यक्षात त्या चकलीसाठी दोन बायका प्रत्येकी सहा तास राबलेल्या असतात. तासाला 70 रुपये धरले तरी ही मजुरी 840 रुपये होते. शिवाय सोऱ्यातून पाडताना तुटलेली, जास्त लाल झालेली अशी अर्धा किलो चकली बाजूला निघते. ती घरात खाल्ली जाते, पण विकली जात नाही. म्हणजे विक्रीयोग्य माल साडेपाच किलो आणि खरा खर्च 1900 रुपये, किलोला सुमारे 345. एवढा हिशेब मांडला की 280 च्या भावाने किलोमागे 65 रुपये आपल्याच खिशातून जात असल्याचे कळते.

या 345 मध्ये भांड्यांची झीज, फोन, रिक्षाभाडे, फसलेला एखादा घाणा अशा किरकोळ वाटणाऱ्या खर्चांसाठी किलोमागे 35 रुपये मिळवावेत. झालेल्या 380 वर व्यवसायाचा नफा म्हणून 60 रुपये ठेवले तर 440 रुपये ही आपल्या हातात पडायलाच हवी अशी किंमत ठरते. मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवावे. मजुरी हा राबणाऱ्या हातांचा मोबदला असतो, तर नफ्यातून उद्याचे यंत्र, उद्याचा घाऊक माल आणि वाईट महिना निभावतो.

माल दुकानात ठेवायचा असेल तर दुकानदाराचे कमिशन एमआरपीवर मोजले जाते. ते 20 टक्के असेल तर 440 मध्ये 20 टक्के मिळवून भागत नाही, कारण त्या 528 रुपयांतून कमिशन वजा जाता हातात 422 च उरतात. 440 ला 0.8 ने भागावे लागते आणि एमआरपी 550 येते. जीएसटी लागू असल्यास त्याचा विचार याच्या वर करावा. घरून थेट विकताना 440 ला देण्याचा मोह आवरावा. दुकानात 550 आणि तुमच्या दारात 440 अशी तफावत दिसली की दुकानदार माल ठेवणे थांबवतो. थेट विक्रीचा भाव 500 च्या आसपास ठेवल्यास ग्राहकालाही लाभ होतो आणि दुकानदाराशी संबंधही टिकतात.

4. आमच्याच भागात एक ताई 280 रुपयांनी चकली विकतात. माझ्याकडे 500 देऊन कोण घेईल?

त्या ताईंनी स्वतःची मजुरी धरलेली नसण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि तसे असेल तर त्या भावाशी स्पर्धा करणे म्हणजे फुकट राबण्याची स्पर्धा करणे होय. मात्र ग्राहकाला आपल्या कष्टाचा हिशेब ऐकवून जास्त भाव मिळत नाही. कोणते तेल वापरले, ते किती वेळा तापवले, भाजणी घरी भाजली की तयार आणली, हे ज्याला चवीतून आणि खुसखुशीतपणातून जाणवते तो ग्राहक आपला. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शंभर ग्रॅमचे नमुना पाकीट कामी येते. तरीही एखादा पदार्थ रास्त भावाने खपतच नसेल तर तो यादीतून काढून टाकावा. दहा पदार्थ तोट्यात करण्यापेक्षा रुखवताचे लाडू, डिंकाचे लाडू, उपवासाची भाजणी अशा तीन-चार पदार्थांवर नाव कमावणे शहाणपणाचे आहे, कारण हे पदार्थ वेळेअभावी आता फारसे कोणी घरी करत नाही आणि त्यांच्या भावावर घासाघीसही कमी होते.

5. नातेवाईक आणि मैत्रिणी पैसे नंतर देते म्हणतात आणि मग विसरतात. मागायला संकोच वाटतो. काय करावे?

संकोच व्यक्तीसमोर वाटतो, नियमासमोर वाटत नाही. त्यामुळे मागणी नोंदवतानाच सर्वांना एकच संदेश जावा : एकूण रक्कम, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल देताना आणि सोबत क्यूआर कोड. सख्ख्या नणंदेलाही तोच संदेश गेला की त्यात कोणाचा अपमान राहत नाही. आगाऊ रकमेचा दुसरा लाभ असा की दिवाळीच्या मालासाठी लागणारे तेल, तूप आणि सुकामेवा आपल्या खिशातून आणावा लागत नाही. ज्यांना भेट म्हणून द्यावेसे वाटते त्यांना जरूर द्यावे, मात्र ते वहीत भेट म्हणून लिहावे. येणे बाकी म्हणून लिहून वर्षभर वाट पाहू नये.

6. दुकानदार म्हणतात, माल ठेवून जा, विकला गेला की पैसे देऊ. हे मान्य करावे का? आणि पैसे अडकले तर?

बाजारात याला जांगडवर माल देणे म्हणतात. नवीन नावाच्या मालाला सुरुवातीला ही अट काही प्रमाणात स्वीकारावी लागते, हे खरे आहे. पण ती स्वीकारताना दोन प्रतींत चलन करून त्यावर पाकिटांची संख्या, तारीख आणि दुकानदाराची सही घ्यावी, दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन शिल्लक मोजावी आणि मुदत संपत आलेली पाकिटे परत आणावीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेपासून निम्मी रक्कम रोख मागावी. माल खपत असेल तर दुकानदार ती देतो, आणि देत नसेल तर माल खपत नाही किंवा आपल्या पैशांवर त्याचा धंदा चालला आहे, यांपैकी एक गोष्ट उघड होते.

पक्की विक्री झाली असेल आणि आपली उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून असेल तर कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. 2023 मध्ये आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला, प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. मोठी दुकाने आणि कंपन्या हल्ली उद्यम प्रमाणपत्र मागतात, त्यामागे हे एक कारण आहे. तक्रार सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवता येते. जांगडवर दिलेल्या मालाला मात्र विक्री झाल्याचे सिद्ध होईपर्यंत या तरतुदींचा फारसा आधार मिळत नाही, आणि म्हणूनच ते सहीचे चलन महत्त्वाचे आहे.

7. पाकिटावर नेमके काय काय छापावे लागते?

पदार्थाचे नाव, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह, गहू, शेंगदाणे, दूध, काजू-बदाम यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख, तयार करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, अन्न नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क एवढा मजकूर हवा. वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, 2011 च्या नियमांत नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार एककाची किंमतही द्यावी लागते, म्हणजे एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर प्रति ग्रॅम किती रुपये ते लिहावे. पाकीटबंद माल तयार करणाऱ्याने याच नियमांखाली वैधमापन विभागाकडे स्वतंत्र नोंदणी करायची असते, आणि ती अनेकांकडून राहून जाते.

एक सूक्ष्म बाब अशी की ‘घरगुती’ किंवा ‘घरी बनवलेले’ हे शब्द ग्राहकाची दिशाभूल होईल अशा रीतीने वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरात व दाव्यांच्या 2018 च्या नियमांत मनाई आहे. माल खरोखर घरी होतो तोवर अडचण कमी. मात्र पुढे गाळा घेऊन कामगारांकडून उत्पादन सुरू केल्यावर जुनी लेबले तशीच वापरू नयेत.

8. पदार्थ किती दिवस टिकेल, हे ठरवायचे कसे? बाजारातल्या पाकिटावर सहा महिने लिहिलेले असते.

मोठ्या कारखान्याच्या पाकिटात नायट्रोजन वायू भरलेला असतो आणि पाकिटाचे आवरणही अनेक थरांचे असते, त्यामुळे त्यांची मुदत आपण उचलू नये. घरी करता येण्याजोगी चाचणी म्हणजे एकाच घाण्याची दहा-बारा पाकिटे नेहमीच्या पद्धतीने बंद करून ठेवणे आणि दर आठवड्याला एक फोडून वास, कुरकुरीतपणा आणि चव लिहून ठेवणे. चकली, शेव, चिवडा यांत पहिल्यांदा तेलाचा खवट वास येतो. लाडू आणि बर्फीत ओल राहिली असेल तर बुरशी आधी दिसते. ज्या आठवड्यात पहिला बदल जाणवला त्याच्या बऱ्याच आधीची मुदत छापावी. ही चाचणी एकदा कोरड्या हवेत आणि एकदा पावसाळ्यात करावी, कारण कोकणातील जुलै आणि सोलापूरचा जानेवारी यांत पापडसुद्धा सारखा वागत नाही. लोणची, चटण्या आणि दुधाचे पदार्थ विकायचे असतील तर मात्र घरच्या चाचणीवर न थांबता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. येथे चुकीमुळे ग्राहक आजारी पडू शकतो.

9. जीएसटी नोंदणी कधी लागते?

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक होते. याला महत्त्वाचा अपवाद आहे : करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकल्यास उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. पुण्याहून बेळगावच्या किंवा इंदूरच्या दुकानाला मसाला पाठवणाऱ्यांनी हे आधी तपासावे. ऑनलाइन बाजारपेठेतून आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान व्यावसायिकांना मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून काही अटींवर नोंदणीशिवाय विक्रीची मुभा मिळाली आहे.

दुसरा अपवाद पापडाचा. पापडावर जीएसटी नाही, आणि केवळ करमुक्त वस्तूच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण त्याच पापडांबरोबर कांदा-लसूण मसाला विकायला सुरुवात केली की तो विक्रेता केवळ करमुक्त वस्तूंचा राहत नाही, आणि मग 40 लाखांची मर्यादा मोजताना पापडाची विक्रीही त्यात धरली जाते. पापडाचे 36 लाख आणि मसाल्याचे 5 लाख असतील तर नोंदणी लागेल. कर मात्र मसाल्यावरच भरायचा.

नोंदणी झाल्यावर दीड कोटी उलाढालीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते. उत्पादकाला त्यात उलाढालीच्या एक टक्का कर भरावा लागतो. तो ग्राहकाकडून वेगळा वसूल करता येत नाही आणि दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. पाकीटबंद फरसाण आणि लोणची यांवरील नेहमीचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आल्याने, दुकानदारांना माल देणाऱ्यांनी नियमित नोंदणी आणि कंपोझिशन यांची तुलना नव्याने करावी.

10. यूपीआयने पैसे घेतले की कराची नोटीस येते, म्हणून रोखीच घ्यावी, असे लोक सांगतात. खरे आहे का?

जुलै 2025 मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या नोंदींवरून अनेक लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या होत्या, तेव्हापासून ही भीती पसरली आहे. त्या घटनेतून घेण्यासारखे हे की कर उलाढालीवर ठरतो, पैसे कोणत्या मार्गाने आले यावर नाही. रोख घेतल्याने उलाढाल कायद्याच्या दृष्टीने कमी होत नाही. फक्त तिचा पुरावा नाहीसा होतो, आणि कर्ज मागायला गेल्यावर तोच पुरावा आपल्याला हवा असतो (प्रश्न 11). खरी अडचण होते ती व्यवसायाचे, भिशीचे, घरभाड्याचे आणि भावाने पाठवलेले पैसे एकाच खात्यात आल्यावर. व्यवसायासाठी वेगळे खाते आणि वेगळा क्यूआर कोड ठेवावा, आणि पापडासारख्या करमुक्त मालाची विक्री स्वतंत्र लिहावी. नोटीस म्हणजे कर ठरला असे नसते. वही आणि बिले जवळ असतील तर उत्तर देता येते. मात्र उत्तर दिलेल्या मुदतीत द्यावे.

11. यंत्र घेण्यासाठी कर्ज काढावे का? कोणती योजना बरी?

आधी काढावे का, याचे उत्तर. ज्या कामासाठी यंत्र हवे आहे ते काम सध्या बाहेरून करून घेता येते का, ते पाहावे. मिरची कांडप यंत्र वर्षातले दोन-तीन महिनेच जोरात चालते. उरलेले महिने हप्ता तेवढाच राहतो. गावातील डंकावर पैसे देऊन मसाला कुटून घेण्याचा खर्च हप्त्यापेक्षा जास्त होऊ लागला की मगच यंत्राचा विचार करावा. स्वतःची मजुरी धरून (प्रश्न 3) सलग काही महिने नफा दिसत नसेल तर यंत्राने तोटाच अधिक वेगाने होतो.

आता योजना. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशू गटात 50 हजार, किशोर गटात 5 लाख आणि तरुण गटात 10 लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज फेडलेल्यांना 2024 पासून 20 लाखांपर्यंतची सोय झाली. यात अनुदान नसते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अनुदान हवे असेल तर 2020 मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना आपल्या कामाशी सर्वांत जवळची आहे : पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, आणि बचत गटाच्या सदस्यांना प्रत्येकी 40 हजारांपर्यंत बीज भांडवल. या योजनांच्या मुदती सरकार वाढवत असते, त्यामुळे सध्याची स्थिती तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारावी. अनुदान मिळणार म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊ नये. 35 टक्के अनुदानानंतरही 65 टक्के आपल्यालाच भरायचे असतात.

12. मागणी वाढली आहे, पण माझ्या हातची चव दुसऱ्या कोणाला जमत नाही. मदतनीस ठेवल्या तर ग्राहक तुटतील का?

चव संपूर्ण प्रक्रियेत सारखी पसरलेली नसते. ती एक-दोन टप्प्यांत ठरते. भाजणीत ती धान्य भाजण्यात असते, लाडवात बेसन भाजण्यात आणि पाकाच्या तारेत, मसाल्यात घटकांच्या प्रमाणात आणि परतण्यात. ते टप्पे आपल्या हाती ठेवून वळणे, पाडणे, तळणे, वजन करणे आणि पाकीट बंद करणे ही कामे दुसऱ्यांकडे देता येतात. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाची वाढ अशाच रचनेवर झाली : पिठाचा गोळा केंद्रात एकाच प्रमाणाने मळला जातो, महिला तो घरी नेऊन पापड लाटतात आणि परत आणलेले पापड तपासूनच घेतले जातात. लाटणारे हात हजारो झाले तरी चव बदलली नाही, कारण ती गोळ्यातच ठरलेली होती.

यासाठी आपले अंदाज मापात आणावे लागतात. ‘मूठभर’ आणि ‘खमंग होईस्तोवर’ याऐवजी काट्यावर ग्रॅम, घड्याळात मिनिटे आणि शेजारी योग्य रंगाचा नमुना ठेवावा. मंद आचेवर दोन किलो बेसन भाजताना ते आधी जड लागते, मग तूप सुटून हलके होते, आणि झारा सहज फिरू लागल्यावर पाण्याचा हबका मारला की फसफसून जाळी पडते. हे मदतनीस ताईंना शेजारी उभे करून चार-पाच वेळा दाखवावे लागते. लिहून दिलेला कागद त्याची जागा घेत नाही.

मजुरी किलोवर द्यावी की तासावर, असेही विचारले जाते. वळणे आणि पाकीट भरणे यांना किलोचा दर चालतो. भाजणे आणि तळणे यांना तो देऊ नये, कारण घाईत माल करपतो. दर कोणताही असो, दिवसाला पडणारी रक्कम किमान वेतनाखाली जाता कामा नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने हा हक्क सर्वच कामगारांना दिला आहे. ज्यांनी प्रश्न 3 मध्ये स्वतःची मजुरी धरली नव्हती त्यांना मदतनीस परवडत नाही, हे याच टप्प्यावर उघड होते.

13. दिवाळी झाली की चार-पाच महिने काहीच विक्री नसते. वर्षभर काम कसे चालवावे?

आपल्या पंचांगात खाण्याचे निमित्त नसलेला महिना शोधूनही सापडणार नाही. थंडीत डिंकाचे आणि मेथीचे लाडू, संक्रांतीला तिळगूळ व गुळाच्या पोळ्या, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत मसाले आणि वाळवण, लग्नसराईत रुखवत, आषाढी आणि श्रावणात उपवासाचे पदार्थ, गणपतीत मोदकांचे सारण. बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू तर बारमाही मागितले जातात. मात्र हे सगळेच करायला घेऊ नये. आपल्या मुख्य पदार्थाच्या मोकळ्या महिन्यांत बसणारे दोन पदार्थ निवडावेत.

येथे पैशांचे नियोजन विक्रीइतकेच महत्त्वाचे ठरते. मसाल्यासाठी वर्षभराची मिरची नवीन पीक बाजारात येते त्या दिवसांत, उन्हाळ्यापूर्वी, घ्यावी लागते आणि पैसा तेव्हाच अडकतो. दिवाळीचा नफा नोव्हेंबरातच घरखर्चात गेला तर फेब्रुवारीत मिरची उधारीवर, जास्त भावाने आणावी लागते. म्हणून दिवाळीनंतर लगेच मजुरी घरात घ्यावी आणि नफ्याची रक्कम मिरचीसाठी मुदत ठेवीत टाकावी.

14. नाव नोंदवून घ्यावे का? आमच्या नावाने दुसऱ्याने माल काढला तर?

माल दुकानांत जाऊ लागला की ट्रेडमार्कचा अर्ज करावा. व्यक्तीला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी 4500 रुपये आहे, इतरांना 9000. चकली, मसाले आणि मिठाई 30 व्या वर्गात येतात, तर लोणची 29 व्या वर्गात. दोन्ही विकत असाल तर दोन वर्गांचे शुल्क लागते. ‘चविष्ट’, ‘शुद्ध’, ‘पुणेरी मसाले’ अशी केवळ वर्णन करणारी नावे नोंदवली जाणे कठीण असते, त्यामुळे नाव ठरवतानाच वेगळेपणा पाहावा.

15. व्यवसायासाठी घरगुती गॅस सिलिंडर आणि सोसायटीतील सदनिका वापरली तर चालते का?

14.2 किलोचा घरगुती सिलिंडर व्यावसायिक कामासाठी वापरणे नियमबाह्य आहे. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. किंमत काढताना गॅसचा खर्च याच सिलिंडरच्या दराने धरावा, नाहीतर पुढे नफा कमी पडतो. सोसायटीच्या बाबतीत धूर, तळणीचा वास, लिफ्टमधून जाणारी पोती आणि रात्रीचा मिक्सर यांवरून तक्रारी सुरू होतात, आणि सदनिकेचा वापर बदलल्याचा मुद्दा त्यानंतर येतो. त्यामुळे तळण आणि कुटण्याची कामे बाहेरच्या जागेत नेऊन घरी फक्त वळणे व पॅकिंग ठेवणे हा मधला मार्ग अनेकांना सोयीचा पडतो. जागा बदलल्यास अन्न नोंदणीवरील पत्ताही बदलून घ्यावा.

16. परदेशातील ग्राहकांना फराळ पाठवता येतो का?

ग्राहकाने आपल्याकडून माल विकत घेऊन आपल्या मुलांना भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने पाठवणे आणि आपण परदेशातील दुकानाला किंवा ग्राहकाला माल विकणे, या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात आपली विक्री भारतातच पूर्ण होते. दुसरी निर्यात ठरते आणि तिला आयात-निर्यात कोड लागतो. दोन्ही प्रकारांत तेथील देशाचे अन्नविषयक नियम लागू होतात. ऑस्ट्रेलिया दूध, बिया आणि वनस्पतिजन्य पदार्थांबाबत विशेष कडक आहे. तूप-खव्याचे पदार्थ टाळून कोरडा फराळ पाठवावा, आणि पार्सलमधील प्रत्येक पदार्थाची घटकांसह यादी सोबत जोडावी.

17. घरच्या अडचणीमुळे मला वर्षभर काम थांबवावे लागणार आहे. परवाने तसेच ठेवावेत की बंद करावेत?

उद्यम नोंदणी तशीच राहू द्यावी, तिला नूतनीकरण लागत नाही. अन्न नोंदणीचे शुल्क अल्प असल्याने तीही चालू ठेवणे सोयीचे, म्हणजे परतल्यावर तोच क्रमांक आणि तीच लेबले वापरता येतात. जीएसटी नोंदणी मात्र विक्री शून्य असली तरी विवरणपत्रे मागते, आणि ती न भरल्यास विलंब शुल्क साचत जाते. थांबणे वर्षभराचे असेल आणि नोंदणी बंधनकारक नसेल तर रद्द करण्याचा अर्ज करावा, नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे आणि रद्द झाल्याचा आदेश जपून ठेवावा. दुकानांतून शिल्लक पाकिटे परत आणून हिशेब पूर्ण करावा, मदतनीस ताईंची बाकी चुकती करावी आणि नेहमीच्या ग्राहकांना परतण्याचा अंदाजे महिना कळवावा. ग्राहक दुसरीकडे वळले तरी आपला क्रमांक त्यांच्याकडे राहतो, आणि पहिल्या हंगामाच्या मागण्या त्यांच्याकडूनच येतात.